पावसात खेळायला शिकवणारी लीग

जासईहून रेकॉर्ड करतोय. मागे पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला तर सांभाळून घ्या, कारण आजचा विषयच पाऊस आहे.

आपल्याकडे भातकापणी झाली की खाचरात टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू होतात आणि पावसाळा आला की बंद. पण खाडीपलीकडे, मुंबईत, एक लीग खास पावसाळ्यासाठीच काढली गेली: कांगा लीग. सुरुवात १९४८. नाव डॉ. होर्मसजी कांगा यांचं, जे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले होते.

भर पावसाळ्यात का? तर इंग्लंडसाठी. तिथे ढग, ओलावा, बॉल हलणार. त्या काळी विकेट आजच्यासारखी झाकतही नसत. कांगा लीगमध्येही उघडी, ओली विकेट. बॉल कधी थांबून येणार, कधी अचानक उसळणार. आउटफिल्डला गवत वाढलेलं, म्हणजे जमिनीवरून मारलेला फटका मधेच अडकणार. मग बॅट्समन काय शिकतो? बॉल शेवटपर्यंत बघायचा, उशिरा खेळायचा, हात सैल ठेवायचे. तिथल्या तीस रन्सना कोरड्या विकेटवरच्या शंभराची किंमत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लाइव्ह जाण्याआधी सिस्टिमवर मुद्दाम लोड टाकतो ना, अगदी तसंच.

आता १९७१. कॅप्टन अजित वाडेकर. मँचेस्टरच्या थंड, ओलसर हवेत गावसकरांनी ५७ केल्या. तिथे भारत अडचणीत होता, पण शेवटच्या दिवशी पावसाने खेळच होऊ दिला नाही. पाऊस वाचवतोसुद्धा! मग ओव्हल. चंद्रशेखरने ३८ रन्समध्ये ६ विकेट काढल्या, इंग्लंड १०१ ला ऑलआउट. हे श्रेय कर्नाटकच्या चंद्राचंच, कांगा लीगचं नाही. पण पुढे १७३ चा पाठलाग घाई न करता करायचा होता. वाडेकर ४५, सरदेसाई ४०. दोघंही मुंबईच्या मैदानांवर तयार झालेले. भारत ४ विकेटने जिंकला. इंग्लंडमधला आपला पहिला टेस्ट विजय!

आज विकेट झाकतात, टर्फवर बारा महिने सारखाच बाउन्स. सोय झाली, तक्रार नाही. पण सगळं सारखं मिळालं की जुळवून घ्यायची सवय मोडते. हवामान आपल्या हातात नसतं, त्याचा सराव मात्र असतो.

तुमच्या गावात पावसात कोणता खेळ चालतो? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!