पाणथरीतल्या भक्षक पेशींची कुळकथा

गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याच्या आसपास, किंबहुना साऱ्या पूर्व विदर्भात, सिकलसेल हा शब्द नवा नाही. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. या आजारात लहानपणापासूनच पाणथरीवर, म्हणजे प्लीहेवर, ताण येतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी वाकणारी दहा-वीस दिवसांतच संपते. थकलेल्या पेशी गिळायच्या आणि त्यांतलं लोह शरीराला परत द्यायचं, हे पाणथरीतल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींचं काम.

या पेशींचा शोध जुना आहे. १८८२ साली इटलीतल्या मेसिनात मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं तारामाशाच्या अळीत काटा टोचला आणि त्याभोवती जमलेल्या भक्षक पेशी पाहिल्या. १९०८चं नोबेल त्याला मिळालं, पण या पेशींचं कुळ ठरेना. अशॉफ या शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात भक्षक पेशी आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या जाळीच्या पेशी एकाच गोतात बसवल्या. १९७२ साली लायडनच्या फान फुर्ट आणि सहकाऱ्यांनी ते गोत मोडलं: मॅक्रोफेज अस्थिमज्जेतल्या, जाळी वेगळी. पुढे कळलं, की कित्येक मॅक्रोफेज गर्भावस्थेतच अवयवांत मुक्कामाला येतात. माझ्या मते, माहेर शोधण्याच्या या नादात सासरकडे, म्हणजे या पेशी जिथं नांदतात त्या ऊतकाकडे, फारसं कुणी पाहिलंच नाही.

खरं तर सासरची खूण १९९० सालीच सापडली होती. एका जातीच्या उंदरांत सीएसएफ-१ हे प्रथिन बनत नव्हतं आणि त्यांच्या अनेक अवयवांत मॅक्रोफेज अगदी तुरळक होत्या. म्हणजे सीएसएफ-१ हा मॅक्रोफेजांचा खुराक. तो देतं कोण? पाणथरीपुरतं उत्तर २०२० साली मार्सेच्या संशोधकांनी दिलं: अशॉफच्याच जाळीतल्या, डब्ल्यूटी-१ हा घटक बाळगणाऱ्या तंतुपेशी. त्यांचं सीएसएफ-१ बंद केलं, की मॅक्रोफेजांची वस्ती विस्कटते. कामाचं वळण लावतं ते गिळलेलं रक्त. २०१४ साली सेंट लुईसच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की तांबड्या पेशींतलं हीम हे लोहयुक्त द्रव्य बाख-१ नावाचा अडसर काढतं. मग स्पाय-सी हे जनुक जागं होतं आणि मोनोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशीची लोह हाताळणारी मॅक्रोफेज होते.

सिकलसेलमध्ये रक्तवाहिन्या पुन्हापुन्हा तुंबून ही जाळीच व्रणांनी भरते. आधार देणारं ऊतक गेलं, की रक्तातले जंतू गाळण्याचं कामही बंद पडतं. म्हणून एसएस मुलांना न्यूमोकोकसची लस आणि लहान वयात पेनिसिलिन देतात.