मनातलं ओळखणारा जोडीदार

इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबजवळच्या माळावर ते उभं केलं. पुढे तिथे अवजड यंत्रंही बनू लागली. चंद्रयान-३ ज्या जातीच्या रॉकेटवर गेलं, त्या एलव्हीएम-३च्या एस-२०० बूस्टरचे भाग इथल्याच कारखान्यात बनतात. म्हणजे उसाच्या ट्रॉल्या जातात त्याच रस्त्याने भविष्यकाळही ट्रेलरवर लादून बाहेर पडतो. आणि याच पट्ट्यात लग्नाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न अजूनही तोच असतो : "पाहुणे कुठले?"

अशा गावात कुणी रात्री मोबाइलचा ब्राइटनेस कमी करून दूरच्या ग्रहावरची प्रेमकथा वाचत असेल, तर घरचे म्हणतील, काय हे खुळ! प्रेमात पडलेल्या दोघांना एकमेकांच्या मनातलं ऐकू येतं, यानं तिच्या भावना ओळखल्या, तिनं याचं स्वप्न पाहिलं. पण या कादंबऱ्या जरा नीट वाचल्या, तर त्यांतला परका ग्रह फारसा परका राहत नाही.

जेन अ‍ॅन क्रेंट्झ ही अमेरिकन लेखिका 'जेन कॅसल' या नावाने भविष्यातल्या प्रेमकथा लिहिते. १९९६च्या तिच्या 'अ‍ॅमरिलिस'मध्ये पृथ्वीशी संबंध तुटलेली एक मानवी वसाहत आहे. तिथल्या माणसांमध्ये अतींद्रिय शक्ती जागी झाली आहे, पण ती पूर्णपणे वापरायची तर दुसऱ्या माणसाच्या मनाची जोड लागते. आणि तिथली लग्नं? ती जुळवून देणाऱ्या संस्था आहेत. नाव नोंदवायचं, अनुरूप स्थळ शोधून मिळतं, लग्न झालं की जन्मभराचं. आपल्याकडचं वधू-वर सूचक केंद्रच जणू अंतराळयानात बसून तिकडे पोचलं. गोष्टीची गंमत अशी, की संस्थेच्या हिशेबात न बसणारी दोन माणसं मनाच्या पातळीवर मात्र जुळतात.

फिजीत जन्मलेली भारतीय वंशाची लेखिका नलिनी सिंग २००६च्या 'स्लेव्ह टू सेन्सेशन'मध्ये आणखी पुढे जाते. तिथे अतींद्रिय शक्ती असलेल्या एका समाजाने स्वतःवर 'सायलेन्स' नावाची शिस्त लादून घेतली आहे. मुलांना लहानपणापासून भावना दाबायला शिकवलं जातं, आणि ज्याला ते जमत नाही त्याचं मनच पुसून टाकलं जातं. नायिकेला भावना आहेत, आणि ते ती सख्ख्या आईपासूनही लपवते. हे वाचताना कोणाला 'आपल्या घरात असलं काही चालत नाही' हे वाक्य आठवलं, तर त्यात नवल नाही.

मनाच्या शक्तीने जुळलेलं प्रेम आपल्याकडे नवीन नाहीच. भागवतातली उषा घ्या. बाणासुराची ही मुलगी स्वप्नात एका तरुणाला बघते आणि त्याच्यासाठी वेडी होते. तो कोण, कुठला, काही ठाऊक नाही. तिची मैत्रीण चित्रलेखा देवांची, गंधर्वांची, राजपुत्रांची चित्रं काढत जाते. अनिरुद्धाचं चित्र आलं, की उषा लाजते. मग चित्रलेखा योगबळाने द्वारकेला उडत जाते आणि त्याला झोपेतच उचलून शोणितपुरात आणते. स्वप्न, फोटोवरून ओळख, हवाई प्रवास असं सगळं आहे. पण पुढचा भाग महत्त्वाचा. काही दिवसांनी पहारेकऱ्यांच्या लक्षात येतं, बाप अनिरुद्धाला नागपाशात बांधतो आणि प्रकरण युद्धापर्यंत जातं. दोघांची मनं जुळवण्याचं काम शक्तीने केलं. परवानगी मिळवणं तिच्या आवाक्यात नव्हतं.

रुक्मिणीकडे तर अशी शक्तीही नव्हती. भावाने शिशुपाल ठरवला होता, तिने कृष्णाला पत्र धाडलं आणि त्याच्या रथात बसून निघून गेली. एकनाथांनी १५७१मध्ये या कथेवर 'रुक्मिणी स्वयंवर' पूर्ण केलं. लग्न जमावं म्हणून उपवर मुलींना या ग्रंथाची पारायणं करायला लावण्याची चाल महाराष्ट्रात आजही आहे. भावाला न जुमानता पळून जाणाऱ्या मुलीची गोष्ट घरचेच तिच्या हातात देतात, आणि ती वाचून तिने घरच्यांनी आणलेल्या स्थळाला होकार द्यावा अशी अपेक्षा असते!

मराठी कादंबरी जन्मली तेव्हा तिच्यासमोर हीच अडचण उभी राहिली. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ने १८५७मध्ये हिंदू विधवांचं खरं दुःख मांडलं होतं. पण प्रेमकथा लिहायची तर काय करायचं? मुलीचं लग्न नऊ-दहाव्या वर्षी, मुलाचं मिसरूड फुटण्याआधी. निवड नाही, भेट नाही, रुसवा नाही, वाट बघणं नाही. १८६८च्या 'मंजुघोषा' या कादंबरीच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी हे सरळ कबूल केलं. आपल्या विवाहाच्या रीतींमुळे आणि इतर काही कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक असं फारसं घडतच नाही, म्हणून वाचकाला रमवायचं तर अद्भुताकडे वळावं लागतं, असा त्यांचा मुद्दा. लोकांनी नंतर या अद्भुत कादंबऱ्यांची टर उडवली. पण रिसबुडांची तक्रार नीट ऐकली, तर ती समाजाबद्दलची आहे. प्रेमाला घरात जागा नव्हती, म्हणून ते राजवाड्यांत आणि चमत्कारांत राहायला गेलं.

पुढे १८८२मध्ये फ्रेडरिक मायर्स यांनी लंडनमध्ये 'टेलिपथी' हा शब्द घडवला. एका मनातलं दुसऱ्या मनाला न बोलता कळणं, याला आता शास्त्रीय वाटणारं नाव मिळालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४मध्ये, मुंबईत एक खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला होता. नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, कोर्टात धाव घेतली. १८८५मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, तो अपिलात फिरला, आणि १८८७मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. आपल्या संमतीशिवाय लावलेलं लग्न आपल्याला बांधू शकत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते समजायला कुणालाही मन वाचण्याची गरज नव्हती. त्या तोंडाने, स्पष्ट शब्दांत, कोर्टासमोर सांगत होत्या.

यानंतर मराठीत या कथेच्या तीन वाटण्या झाल्या. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'पासून घर, लग्न आणि बाईचं दुःख वास्तववादी कादंबरीकडे गेलं. मनाच्या अचाट शक्ती नारायण धारपांच्या भयकथांत गेल्या. त्यांचे 'समर्थ' त्या वापरतात, पण दुष्ट शक्तींशी लढायला. आणि भविष्यकाळ विज्ञानकथेकडे गेला. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली, तिथून ती वाट रुंदावली. प्रेम, शक्ती आणि उद्याचा काळ हे तिन्ही एका पुस्तकात एकत्र नांदताना मराठीत क्वचितच दिसतात. ते हवं असलेला वाचक मग इंग्रजीकडे वळतो.

त्याला किंवा तिला तिथे नेमकं काय मिळतं? मनातलं ओळखणारा जोडीदार, हे उत्तर अर्धंच आहे. मनातलं ओळखण्याचा दावा करणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. "पोरीच्या मनात काय आहे ते आम्हाला कळतं की" असं म्हणत घर परस्पर होकार कळवून टाकतं. "तुझा फोन बघू" म्हणणारा प्रियकरही मन वाचू पाहतो, तेही हक्काने. या कथांपैकी चांगल्या कथा या जागी सावध असतात. तिथे दुसऱ्याच्या मनात शिरण्याआधी विचारावं लागतं, आणि न विचारता शिरणारा खलनायक ठरतो. शक्ती असूनही विचारणं, हे खरं आकर्षण आहे.

विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आजही आधी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावली जाते, आणि ३० दिवस कुणीही हरकत घेऊ शकतं. कायद्याला मान्य असलेली हरकत वय, आधीचं लग्न, जवळचं नातं अशा कारणांची असते. पण नावं तिथे लागली, की ती वाचायला पहारेकरी पोचतातच. उषेच्या महालाबाहेर होते, तसेच.

म्हणून अशी कादंबरी वाचणाऱ्या पोरीला हसण्याआधी एक करून बघता येईल. तिच्या मनात काय आहे ते ओळखायला जाऊ नका. तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐकून घ्या.