ग्राफीन-विद्युत् अग्रांची पूर्वपीठिका

ग्राफीनचा इतिहास २००४ पासून मांडण्याचा प्रघात पडला आहे. त्या वर्षी मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटीन नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्राफाइटापासून एका अणूच्या जाडीचा थर अलग केल्याचे प्रसिद्ध केले. २०१० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तथापि, संकरित ऊर्जासंचय-साधनांतील विद्युत् अग्रांपुरता विचार केल्यास ही वंशावळ अपुरी ठरते. अग्रांना लागणारा पदार्थ अशा रीतीने पुरेशा प्रमाणात सिद्ध होत नाही. तो मुख्यतः रसायनशास्त्राच्या मार्गाने आला, आणि त्या मार्गाचा आरंभ सुमारे दीड शतक आधी झाला होता.

१८५९ मध्ये बेंजामिन ब्रोडी यांनी ग्राफाइटावर पोटॅशियम क्लोरेट व धूमायमान नायट्रिक अम्ल यांची क्रिया करून ग्राफाइट ऑक्साइड मिळविले. त्यावरून ग्राफाइटातील कार्बनाचा अणुभार ३३ असावा, असे त्यांनी अनुमान केले. अनुमान चुकले, पदार्थ मात्र टिकला. १९५८ मध्ये हमर्स व ऑफमन यांनी सल्फ्यूरिक अम्ल, सोडियम नायट्रेट व पोटॅशियम परमँगनेट वापरून ही कृती अधिक जलद व कमी धोक्याची केली. १९६२ मध्ये हान्स-पेटर बोएम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऑक्साइडाचे क्षपण करून कार्बनाचे अत्यंत पातळ पत्रे मिळविले. ‘ग्राफीन’ ही संज्ञाही बोएम, सेटन व स्टुंप यांनी १९८६ मध्ये सुचविली.

या पदार्थाची गरज मात्र दुसऱ्याच क्षेत्रात निर्माण झाली. सच्छिद्र कार्बनाच्या पृष्ठावर विद्युत् भार साठविणाऱ्या धारित्राचे पेटंट १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांना मिळाले. असे धारित्र भार झपाट्याने देते-घेते. पण त्यात ऊर्जा थोडी मावते. २००१ मध्ये अमाटुची प्रभृतींनी सक्रियित कार्बनाचे एक अग्र व लिथियम टायटनेटाचे दुसरे अग्र यांची जोडी जमविली. पहिले पृष्ठावर भार धरते, तर दुसरे रासायनिक विक्रियेने. संकरित साधनाचे तत्त्व ते हेच.

२००८ मध्ये टेक्सास विद्यापीठातील रुऑफ यांच्या गटाने ऑक्साइडापासून केलेले ग्राफीन धारित्रात वापरले. तात्त्विक पृष्ठफळ ग्रॅममागे २,६३० चौरस मीटर असता प्रत्यक्षात ७०५ भरले. जलीय विद्रावातील धारिता ग्रॅममागे १३५ फॅरड आली. क्षपणानंतर पत्रे परस्परांना चिकटतात, हे या तुटीचे एक प्रमुख कारण होय. पुढे पत्र्यांमध्ये धातूंच्या ऑक्साइडांचे कण बसविण्यात आले. त्यामुळे पत्रे अलग राहतात आणि मंदवाहक कणांना विद्युत्-वाट मिळते.

तात्पर्य, नाव एक असले तरी घराणी दोन आहेत. सोललेल्या निर्दोष थराची संवाहकता ऑक्साइडजन्य पदार्थाच्या खाती मांडता येणार नाही. कारण त्यात उरलेला ऑक्सिजन व जालकातील दोष हे ब्रोडींच्या मार्गाचाच वारसा आहेत. अग्रासंबंधीचा कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी तो यांपैकी कोणत्या घराण्याचा, हे अभ्यासकाने पाहणे अगत्याचे आहे.