हुबळी-धारवाडच्या शाळा : आवार आणि वाट

१९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपविला गेला. साहजिकच शाळेची इमारत व आवार त्या संस्थेच्या ऐपतीवर अवलंबून राहिले. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने वर्गखोल्या, पिण्याचे पाणी, मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, मैदान व कुंपण या सोयी बंधनकारक केल्या.

परंतु इमारत उभी राहिली तरी तेथवर पोहोचण्याचा प्रश्न उरतोच. कर्नाटक शासनाने २००६-०७ मध्ये आठवीच्या मुलींना सायकली देण्यास प्रारंभ केला. हुबळी येथे मुख्यालय असलेले वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ विद्यार्थ्यांना सवलतीचे पास देते. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेमुळे राज्यातील स्त्रिया व मुलींचा साध्या सरकारी बसमधील प्रवास निःशुल्क झाला.

गरीब घरातील मुलीचे शिक्षण थांबते ते पुष्कळदा फीपायी नव्हे, तर अंतरापायी. म्हणून इमारतनिधी उभारताना शैक्षणिक संस्थांनी वाटेचाही हिशेब मांडावयास हवा. शाळेची हद्द कुंपणापाशी संपत नाही. ती विद्यार्थिनीच्या उंबरठ्यापर्यंत असते.