बाळू पालवणकर : एका गोलंदाजाची कारकीर्द

क्रिकेटच्या खेळात फलंदाजाला मान आणि गोलंदाजाला श्रम, अशी वाटणी आपल्याकडे आरंभापासूनच झाली होती. साहेबाने बॅट घेऊन उभे राहावयाचे आणि पगारी माणसाने त्याला चेंडू टाकावयाचे, हा जिमखान्यांचा रिवाज होता. हिंदी क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज या पगारी माणसांतूनच पुढे आला.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर बाळू रोलर फिरवीत, खेळपट्टीची निगा राखीत आणि सभासदांना चेंडू टाकीत. हॅम्पशायरकडून खेळलेले कॅप्टन ग्रेग तर त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करवून घेत. त्या श्रमांतून बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीला अचूक टप्पा लाभला. बॅट मात्र तेथे त्यांच्या हाती कधीच दिली गेली नाही, असे सांगतात.

पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवावयाचे होते. म्हणून बरीच चर्चा होऊन बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. परंतु चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई.

पुढे मुंबईत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाच्या वाट्याला बहुतेक पराभवच आले. पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले.

एवढे झाल्यावरही कप्तानपद त्यांना लाभले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळण्यात आले, तेव्हा त्यांचे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून खेळण्याचे नाकारले. तडजोड होऊन अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान झाले, आणि कप्तान मैदानाबाहेर असताना काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. १९३७ साली ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बळींची मोजदाद धावपुस्तकांत आहे. पण चेंडू टाकणारा माणूस संघ चालवूही शकतो, हे समाजाला मान्य करावयास किती वर्षे लागली, याचा हिशेब धावपुस्तकात लिहिला जात नसतो. तो इतिहासालाच ठेवावा लागतो.