रंगविलेल्या हंड्या

जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या कांचेच्या हंड्या व झुंबरें यांजकडे आमच्या संशोधकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. दफ्तराचा रुमाल सोडतांना जो मनुष्य कागदाचा पोत, शाईचा रंग व मोडीचें वळण बारकाईनें न्याहाळतो, तोच मनुष्य डोक्यावरील हंडी पाहून 'विलायती माल' एवढें म्हणून स्वस्थ बसतो. हा लेख लिहिण्यास एक लहानसा अपघात कारण झाला. एका जुन्या घराण्यांतील हिरवी हंडी पाहण्यास आम्ही गेलों, तों मालकांनीं आमच्या येण्याची वर्दी लागतांच ती आदल्या दिवशीं स्पिरिटानें पुसून ठेविली होती. हंडी स्वच्छ पांढरी झाली होती आणि हिरवा रंग चिंधीवर उतरला होता. पूर्वजांच्या गळ्यांत कोणीं तरी खोटा माल मारला असें मालकांनीं तेथल्या तेथें ठरविलें. आमचें मत तसें नाहीं.

कांचेस रंग येण्याच्या वाटा अनेक आहेत. कांच वितळत असतांनाच तींत धातूचा अंश मिसळला म्हणजे रंग तिच्या अंगांतच मुरतो. कोबाल्टाची निळी कांच ही अशी. कांठाचा टवका उडालेला असला तर आंतहि तोच रंग दिसतो. कित्येकदां पांढऱ्या कांचेवर रंगीत कांचेची पातळ साल चढवून ती नक्षीपुरती कोरून काढलेली असते. तेथें कांठावर भिंग धरतांच दोन थर वेगळे दिसतात. याहून फसवी रीत भाजलेल्या डागाची. चांदीचा क्षार कांचेवर लावून भट्टींत तापविला असतां पिवळा रंग उमटतो, ही गोष्ट युरोपांत चर्चच्या खिडक्या करणाऱ्यांस इ. स. १३०० च्या सुमारापासून माहीत होती. बोहेमियांतील फ्रीडरिख एगरमान यानें तीच युक्ति पेले व भांडीं यांस लाविली, आणि १८३२ च्या सुमारास तांब्याच्या योगानें लाल डागहि साधला. असा रंग कागदासारखा पातळ असतो, परंतु स्पिरिटानें जात नाहीं. एक चकवा मात्र ध्यानांत ठेवावा. कांच निर्मळ व्हावी म्हणून जींत मँगनीज घातलेलें असतें, ती वर्षानुवर्षें उन्हांत राहिली असतां आपोआप जांभळट होते. तो रंग कोणीं दिलेलाच नसतो.

राहिला कच्चा रंग. भट्टी नाहीं, कारागीर नाहीं. चपडा लाख किंवा राळ स्पिरिटांत विरघळवून तींत पारदर्शक रंग मिळविला कीं झालें. कुंचल्यानें फराटे उठतात, म्हणून सोपी रीत अशी कीं, पातळ रस हंडींत ओतून ती हातांत फिरवावयाची व उरलेला रस ओतून टाकावयाचा. अशा हंडीच्या बुडाशीं रंग दाट असतो व पोटावर ओघळ दिसतात. हें काम घरच्या घरीं होई, आणि यांत फसवणूक कसली? समारंभास रंगीत प्रकाश हवा, रंगीत हंडी घरांत नाहीं, म्हणून असलेली रंगविली. ज्यांस एवढेंहि नको ते पेल्यांत रंगीत पाणी भरून वर तेल सोडीत व त्यावर वात पेटवीत. कांच कोरीच राही. पारदर्शक रंगाचें काम आपल्याकडे घरगुती रीतीनें किती चांगलें होत असे याचा पुरावा पाहावयाचा तर कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें १८९२ पासून दाखविलेल्या जादूच्या कंदिलाच्या, हातानें रंगविलेल्या कांचा पाहाव्या.

कच्च्या रंगाचें दुर्दैव असें कीं, तो स्वच्छतेनें मरतो. टायरोलांतील हॉल येथील सोळाव्या शतकांतील कांचपात्रांवरचें पुष्कळसें चित्रकाम असेंच धुवून व घासून गेलें. आणि जातांना तो काळाची साक्षहि घेऊन जातो. विल्यम पर्किन यानें डांबरापासून पहिला जांभळा रंग केला तो १८५६ त. किरमिजी मॅजेंटा १८५९ त निघाला. तेव्हां मॅजेंटानें रंगविलेली हंडी कोणी सवाई माधवरावांच्या वेळची म्हणून दाखवूं लागला, तर हंडी तितकी जुनी असेलहि, रंग असणार नाहीं. तसेंच लाखेचा थर उकळत्या पाण्यापेक्षांहि कमी आंचेनें मऊ पडतो. वरच्या कांठाशीं तो थर तुळतुळीत राहिला असला, तर त्यानंतर त्या हंडींत दिवा फारसा जळलेला नाहीं असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां त्या पुसलेल्या हंडीकडे वळूं. गळ्याच्या आंतल्या वळणांत चिंधी पोंचली नव्हती. तेथें हिरव्या रंगाची बोटभर रेघ शिल्लक होती. भिंगानें पाहतां रंगाच्या खालीं, म्हणजे कांच व रंग यांच्या मध्यें, काजळी स्पष्ट दिसली. म्हणजे हंडी आधीं पांढरी म्हणून जळत होती, पुढें रंगविली गेली. मालकांच्या परवानगीनें रंगाचा एक कण सोड्याच्या तीव्र द्रावणांत टाकला, तों निळेपण जाऊन तो तांबूस झाला. यावरून हिरव्यांतील निळा भाग प्रशियन निळ्याचा ठरतो. तो रंग बर्लिन येथें अठराव्या शतकाच्या आरंभींच निघालेला असल्यामुळें, रंग चढविल्याचा काळ त्यावरून ठरत नाहीं.

त्याच घरांतील सामानाच्या एका जुन्या यादींत दोन पांढऱ्या हंड्या नोंदलेल्या आहेत. त्या हरवल्या व हिरवी मागाहून विकत आणली, अशी घरांतील समजूत होती. ही त्या दोहोंपैकीं एक आहे असें आम्ही म्हणत नाहीं, कारण यादींत मापें दिलेलीं नाहींत. परंतु रंग हिरवा एवढ्याच कारणावरून तिला यादीबाहेर ठेवतां येणार नाहीं. गळ्यांतील ती रेघ पुसूं नये, अशी विनंति आम्ही मालकांस केली आहे व त्यांनीं ती मान्य केली आहे.