न पाहिलेल्या दृश्यांचे संगीत : थरारपट, रोड मूव्ही आणि सीक्वेन्सर

चित्रपटाच्या पार्श्वसंगीताविषयी जे लेखन होते, त्यातील बरेचसे एका गृहीतकावर उभे असते. प्रसंगातील भावना आणि संगीतातील भावना यांचे नाते जुळले की संगीताचे कार्य पूर्ण झाले, हे ते गृहीतक. मर्ढेकरांची 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा तिच्या मूळ साहित्यिक संदर्भातून थोडी ओढून इकडे आणली, तर हॉलिवुडच्या वाद्यवृंदीय परंपरेचे सौंदर्यशास्त्र जवळजवळ तिच्यात मावते. परंतु या परंपरेत भावनेइतकीच ज्ञानाचीही बाब गुंतलेली आहे. मॅक्स स्टायनरने १९३३ साली 'किंग काँग'ला दिलेल्या संगीतापासून पुढे, पात्राच्या मनात काय चालले आहे आणि दाराआड काय दडले आहे हे वाद्यवृंदाला आधीच ठाऊक असते व तो ते प्रेक्षकाला सूचित करीत असतो. कादंबरीतील सर्वज्ञ निवेदक चित्रपटात आल्यावर वादकांच्या ताफ्यात जाऊन बसला, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

१९७० नंतरच्या दीड दशकात पाश्चात्त्य थरारपट आणि रोड मूव्ही यांनी सिंथेसायझरचा स्वीकार केला, त्याची कारणे सांगताना दोन गोष्टी पुढे केल्या जातात : हे संगीत स्वस्त पडत होते, आणि ते आधुनिक वाटत होते. दोन्ही खरे आहे. वाद्यवृंदातील त्या निवेदकाचे काय झाले, हा प्रश्न मात्र या दोन्ही उत्तरांत येत नाही.

इलेक्ट्रॉनिक ध्वनीचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात पुरे. लुई आणि बीबी बॅरन या दांपत्याने 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) या चित्रपटासाठी जे केले त्याला श्रेयनामावलीत 'संगीत' म्हणू दिले गेले नाही. वादकांच्या संघटनेशी वाद नको म्हणून 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असा शब्द योजण्यात आला. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) ओस्कार साला याच्या ट्राउटोनियम या वाद्यातून पक्ष्यांचे आवाज निघाले. या दोन्ही ठिकाणी नवा ध्वनी परका ग्रह किंवा पिसाट निसर्ग यांचा निर्देश करतो. तो कशाचे तरी चिन्ह आहे. सीक्वेन्सर हे यंत्र आल्यानंतर जे घडले ते याहून निराळ्या जातीचे होते.

त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण विल्यम फ्रीडकिन यांचा 'सॉर्सरर' (१९७७) हे आहे. जॉर्ज आर्नो यांच्या १९५० सालच्या फ्रेंच कादंबरीवर क्लूझो यांनी १९५३ साली 'द वेजेस ऑफ फिअर' हा चित्रपट केला होता. फ्रीडकिन त्याच कथेकडे वळले. निरनिराळ्या देशांतून पळून आलेले चार गुन्हेगार, दोन मोडकळीस आलेले ट्रक, घाम सुटल्यासारखे नायट्रोग्लिसरीन गाळणारी डायनामाइटची खोकी, आणि जंगलातून जळत्या तेलविहिरीकडे जाणारा रस्ता. थरारपट आणि रोड मूव्ही यांचे इतके निखळ मिश्रण दुसरे क्वचितच सापडेल. संगीतासाठी फ्रीडकिन यांनी बर्लिनच्या 'टँजरिन ड्रीम' या गटाला पाचारण केले. एडगर फ्रोझे, क्रिस्टोफर फ्रांके आणि पीटर बाउमान या तिघांच्या हाती त्यांनी पटकथा दिली. चित्रपटाची एक फूटही फिल्म न पाहता त्यांनी संगीत रचून ध्वनिफिती पाठवून दिल्या. दृश्य आणि संगीत यांची गाठ संकलनाच्या वेळी पडली.

या घटनेचा उल्लेख सहसा गमतीदार किस्सा म्हणून होतो. सैद्धांतिकदृष्ट्या ती त्याहून बरीच मोठी आहे. ज्यांनी पात्राचा चेहरा पाहिलेला नाही, त्यांना त्या चेहऱ्यावरील भावनेचे भाष्य करता येणार नाही. ज्यांना कोणत्या क्षणी चाक घसरणार हे माहीत नाही, त्यांना त्याची पूर्वसूचना देता येणार नाही. येथे संगीताचे अज्ञान ही शैली नसून वस्तुस्थिती आहे. आणि प्रेक्षकाला त्याची प्रतीती येते. ट्रक चिखलातून वर चढत असतो, खालच्या पट्टीत स्वरांचे एक आवर्तन फिरत असते, आणि दोहोंमध्ये कोणताही करार झालेला दिसत नाही.

सीक्वेन्सर काय करतो हे पाहिल्यास याचा उलगडा होतो. ओळीने बसवलेल्या खुंट्यांवर एकेका स्वरासाठी विद्युतदाब ठरवून द्यायचा. यंत्र ठराविक स्पंदाने त्या ओळीवरून पुढे सरकते, शेवटाला पोहोचले की पुन्हा पहिल्या खुंटीवर येते. वादक मग स्वर वाजवीत नाही. चालू प्रवाहाचा पोत तो बदलतो, तो झाकोळतो, उजळतो. भारतीय श्रोत्याला येथे तंबोरा आणि ठेका या दोहोंची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि दोन्ही तुलना अपुऱ्या ठरतात. तंबोरा स्वराचे अधिष्ठान देतो, पण काळ मोजीत नाही. ठेका काळ मोजतो. परंतु तबलजी गायकाकडे कान लावून बसलेला असतो, सम ही दोघांनी मिळून गाठायची जागा असते. सीक्वेन्सरला आवर्तन आहे, त्याचा पहिला स्वरही दाखवता येतो. पण समेवर येण्याचा आनंद त्यात नाही, कारण समेपासून दूर कोणी गेलेलेच नसते. (हे यंत्र बिनचूक होते असे मात्र नव्हे. तापमान बदलले की त्या काळच्या मूग सिंथेसायझरचे स्वर उतरत वा चढत; 'फेड्रा' या १९७४ सालच्या ध्वनिमुद्रिकेत ते ऐकूही येते. उदासीनता आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.)

फ्रेंच समीक्षक मिशेल शिओं यांनी पडद्यावरील दुःखाची दखल न घेता चालू राहणाऱ्या संगीताचा एक वेगळा वर्ग कल्पिला आहे. खून होत असता वाजत राहिलेले यांत्रिक पियानो किंवा रस्त्यावरचा पेटीवाला ही त्याची ठराविक उदाहरणे. क्लूझो यांच्या चित्रपटाचा शेवट याच वर्गात बसतो : जिवंत परतणारा मारिओ रेडिओवरच्या 'ब्लू डॅन्यूब'च्या तालावर रिकामा ट्रक रस्ताभर नाचवतो आणि दरीत कोसळतो. त्या वॉल्ट्झला काहीच ठाऊक नसते. परंतु रेडिओ कथेच्या आतला आहे; त्याच्या उदासीनतेला निमित्त आहे, आणि म्हणून उपरोधही आहे. 'सॉर्सरर'मध्ये तीच उदासीनता कथेबाहेर, जेथे पूर्वी निवेदक बसत असे त्या जागी येऊन बसली. उपरोध करायलाही तेथे कोणी उरले नाही.

यात नैतिक प्रश्न गुंतलेला आहे. त्या चौघांत एक भाडोत्री मारेकरी आहे, एक बाँब ठेवणारा, एक अफरातफर करणारा, एक चर्चची रक्कम लुटणाऱ्या टोळीतला. वाद्यवृंदाने त्यांना क्षमा केली असती किंवा दोषी ठरवले असते. निदान त्यांच्या भीतीला करुणेचा एखादा स्वर दिला असता. सीक्वेन्सर यांपैकी काही करीत नाही. निवाडा प्रेक्षकावर येऊन पडतो आणि त्याला तो नको असतो. २४ जून १९७७ रोजी हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा महिनाभर आधी आलेला 'स्टार वॉर्स' चित्रपटगृहे व्यापून बसला होता. जॉन विल्यम्स यांनी त्यात सर्वज्ञ वाद्यवृंदाची थाटात पुनःस्थापना केली होती. कोण नायक, कोण खल, हे तेथे पितळी वाद्ये सांगत होती. 'सॉर्सरर' कोसळला. ऑस्करसाठी त्याला एकच नामांकन मिळाले, तेही ध्वनीसाठी, आणि ते पारितोषिकही 'स्टार वॉर्स'ने नेले. त्याचे नामांकन संगीताऐवजी ध्वनीच्या वर्गात व्हावे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

रस्ता आणि यांत्रिक आवर्तन यांचे सख्य जर्मनीत आधीच जुळले होते. क्राफ्टवर्कचे सुमारे बावीस मिनिटांचे 'आउटोबान' १९७४ सालचे. ख्रिस्तोफर पेटिट यांच्या 'रेडिओ ऑन' (१९७९) या कृष्णधवल चित्रपटात भावाच्या मृत्यूचा शोध घेणारा माणूस लंडनहून ब्रिस्टलला मोटार हाकत जातो, आणि त्या भावानेच भेट दिलेल्या क्राफ्टवर्कच्या कॅसेटी बरोबर असतात. मृत्यूचे कोडे सुटत नाही. रहस्यकथेला उत्तराचे वचन असते, प्रवासकथेला मुक्कामाचे. येथे दोन्ही वचने मोडली जातात आणि वाटेत वाजलेले संगीत त्याबद्दल हळहळत नाही.

मायकेल मान यांच्या 'थीफ'मध्ये (१९८१) 'टँजरिन ड्रीम' पुन्हा भेटतो. चित्रपट शिकागोत घडतो, आणि मान यांच्या मनात आधी त्या शहराच्या ब्लूज संगीताचाही विचार होता. तो सोडण्यात त्यांनी काय गमावले हे उघड आहे : माणसाच्या दुःखाची स्वतःची भाषा. मिळवले ते आरंभीच्या तिजोरी फोडण्याच्या प्रसंगात ऐकू येते. पाऊस, रात्र, पोलादात शिरणारा ड्रिल आणि सिंथेसायझरचे स्पंदन यांच्या सीमा पुसल्या जातात. फ्रँक हा नायक प्रथम काम म्हणून दिसतो, मग माणूस म्हणून. पुढे तो आपले इच्छित आयुष्य चिकटवलेल्या चित्रांच्या एका कागदावर दाखवतो, तेव्हा त्या कागदाला संगीताची साक्ष नसते. म्हणूनच अखेरच्या गोळीबारात क्रेग सेफन यांची रचना येते आणि विद्युत गिटार गाऊ लागते, तेव्हा माघार घेतल्यासारखे वाटते. गट त्या वेळी उपलब्ध नव्हता, एवढे व्यावहारिक कारण त्यामागे होते. परिणाम मात्र असा, की निवेदक शेवटच्या काही मिनिटांपुरता परत आला.

सिंथेसायझर वापरले की हे सगळे आपोआप घडते, असे मात्र नाही. जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोवीन'चे (१९७८) संगीत जवळजवळ पूर्णपणे कळफलकावर रचलेले आहे, पण ते सर्वज्ञ आहे. पडद्यावर रिकामी गल्ली असताना कोणीतरी पाहते आहे हे ते सांगते. कार्पेंटर यांनी संगीताविना चित्रपट दाखवला तेव्हा स्टुडिओतील एका अधिकारी स्त्रीला भीती वाटली नाही, हे त्यांनीच नमूद केले आहे. त्याच्या मुख्य धुनेत झपतालाइतक्याच दहा मात्रा मोजता येतात. विभागणी मात्र तीन-तीन-दोन-दोन अशी, त्यामुळे पाऊल नेहमी अर्धवट पडल्याचा भास होतो. जॉर्जिओ मोरोडर यांना 'मिडनाइट एक्स्प्रेस'बद्दल (१९७८) ऑस्कर मिळाले. त्यातील पाठलागाची धून धावते, म्हणजे प्रसंगाबरोबर धावते. आणि १९८२ च्या वसंतात व्हँजेलिस यांना 'चॅरिअट्स ऑफ फायर'साठी ऑस्कर दिले गेले, त्याच सुमारास गोल्डन रास्पबेरी या थट्टेच्या पारितोषिकांत सर्वांत वाईट संगीतासाठी 'थीफ'चे नामांकन झाले. वाद्ये एकाच कुळातली. एक सुरावट घेऊन हृदयाशी बोलत होते, म्हणून ते संगीत ठरले.

पुढील दशकात ही भाषा स्थिरावली आणि काहीशी सैलही झाली. मार्क आयशम यांचे 'द हिचर' (१९८६) आणि खिडक्या झाकलेल्या गाड्यांतून फिरणाऱ्या रक्तपिपासूंचा कॅथरिन बिगेलो यांचा 'निअर डार्क' (१९८७) हे तिचे चांगले नमुने. पण आता प्रेक्षकाला ओळख पटलेली होती, आणि ओळखीच्या वस्तूकडून उदासीनतेचा धक्का बसत नाही.

निकोलस विंडिंग रेफ्न यांच्या 'ड्राइव्ह'मध्ये (२०११) हा प्रवास उलट टोकाला पोहोचलेला दिसतो. क्लिफ मार्टिनेझ यांचे संगीत संयत आहे, रात्रीचे लॉस एंजलिस ते सुंदर धरून ठेवते. पण त्याभोवतीची सिंथेसायझरवरची गाणी मोटार हाकणाऱ्या अबोल नायकाविषयी प्रेक्षकाला उघड शब्दांत सांगतात की हा खरा माणूस आहे, नायक आहे. १९८० च्या दशकाची आठवण म्हणून आलेला तो ध्वनी आता पुरता जाणता झाला आहे. दोनच वर्षांनी, २०१३ साली, 'सॉर्सरर'ची पुनरुज्जीवित प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवण्यात आली. त्यानंतर तो पाहणाऱ्या तरुण प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी 'ड्राइव्ह' आधी पाहिलेला असणार. चिखलातल्या ट्रकमागे फिरणारे ते आवर्तन त्यांच्या कानांवर एका ओळखीच्या काळाची खूण म्हणून पडते. फ्रोझे, फ्रांके आणि बाउमान यांच्यापुढे ते रचताना टंकलिखित पटकथेपलीकडे काहीच नव्हते.